ॲसे 94.1 आला: नमुना परत टाकावा की ओओएस उघडावा?

इंदूरजवळ पीथमपूर किंवा सांवेर रोडवरचा औषधाचा कारखाना, क्यूसीची (गुणवत्ता तपासणी विभागाची) सेकंड शिफ्ट, महिन्याची 29 तारीख. गोळीच्या ॲसेची (ठरल्या प्रमाणाच्या किती टक्के औषध गोळीत आहे, त्या चाचणीची) मर्यादा 95.0 ते 105.0 टक्के आणि एचपीएलसीवर (औषध मोजणाऱ्या मशीनवर) आकडा 94.1. म्हणजे ओओएस, आउट ऑफ स्पेसिफिकेशन: मर्यादेबाहेरचा निकाल, ज्याची रीतसर चौकशी उघडावी लागते. खाली ट्रक लागलेला. प्रॉडक्शनवाले दारातूनच म्हणतात, "भिया, एक बार और देख लो." खोटं लिहा असं कुणीच म्हणत नाही, पण इंदूरहून कंपनीच्या बसने येणाऱ्या प्रत्येक ॲनालिस्टला त्या वाक्याचा अर्थ कळतो.

परत टाकण्याचा रस्ता

म्हणजे गुपचूप पुन्हा चाचणी करून नवा आकडा काढायचा. हा स्वस्त दिसतो. नव्या 20 गोळ्या कुटायच्या, नवं वजन घ्यायचं, आधीच्या सीक्वेन्सला (मशीनवरच्या इंजेक्शनांच्या मालिकेला) 'ट्रायल' नाव द्यायचं. तीन-चार तासांत 96.2 येतो, ट्रक सुटतो, वर शाबासकीही मिळते.

पण 94.1 कुठे जात नाही. बॅलन्सच्या मेमरीत दोन वजनं राहतात, कॉलमच्या लॉगबुकात इंजेक्शनांची बेरीज जास्त भरते, वर्किंग स्टँडर्डच्या (तुलनेसाठी ठेवलेल्या औषधाच्या) बाटलीतून जादा मिलिग्रॅम गेलेले असतात. लॉगबुकं एक वेळ पेनाने जुळवता येतील; ऑडिट ट्रेल, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं ती नोंद, जुळवता येत नाही. तिथे फाइल डिलीट केली तर डिलीट केल्याचीच नोंद पडते, वेळेसकट आणि तुमच्या लॉगिनखाली. मुरलेला ऑडिटर रिपोर्ट नंतर वाचतो. आधी तो 'ट्रायल', 'टेस्ट', 'डेमो' नावाचे फोल्डर उघडतो आणि इंजेक्शनं मोजतो.

"एका टक्क्याने कोण मरतंय?" असंही ऐकू येतं. गोळीत औषध खरंच कमी असेल तर पहिल्याच दिवशी मर्यादेच्या खाली असलेली बॅच शेल्फ लाइफ संपेपर्यंत वर चढणार नाही. ती स्टॅबिलिटीला (साठवून ठरावीक महिन्यांनी तपासायला) लागली असेल तर पुढच्या एखाद्या तपासणीला फेल होईल, आणि तेव्हा पहिला प्रश्न येईल: रिलीजला किती होतं? माल अमेरिकेच्या बाजारात असेल तर फील्ड अलर्ट (तिथल्या औषध नियामकाला, एफडीएला, दोषाची सूचना) द्यायला 3 कामकाजाचे दिवस मिळतात.

नमुना पास होईपर्यंत टाकत राहण्याच्या सवयीवर न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टाने 1993 मध्येच, बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात, बोट ठेवलं. अमेरिकन एफडीएचं ओओएसवरचं मार्गदर्शन 2006 चं, सुधारित आवृत्ती 2022 ची.

ओओएस उघडण्याचा रस्ता

याची धास्ती गरजेपेक्षा जास्त आहे. ओओएस म्हणजे बॅच रिजेक्ट, असं धरून चाललं की माणूस आपोआप पहिल्या रस्त्याकडे वळतो. खरं तर पहिल्या टप्प्यात फक्त प्रयोगशाळेची झडती होते, आणि ती नीट झाली तर कधी कधी बॅच रीतसर सुटतेही.

त्यासाठी पहिला नियम: फ्लास्क, व्हायल, उरलेली पावडर, काहीही सिंकमध्ये ओतायचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. निकाल वाईट दिसला की हात आधी ग्लासवेअर धुवायला जातो, आणि पुरावाही त्याच्याबरोबर वाहून जातो. सुपरवायझरला लगेच कळवून तपासायचं: वजन आणि डायल्यूशन बरोबर होतं का, सोनिकेशन ठरल्या मिनिटांचं झालं का, फिल्टरमधून आलेले पहिले मिलिलीटर टाकून दिले होते का, स्टँडर्डच्या इंजेक्शनांचा आरएसडी (आकडे एकमेकांपासून किती हलतात ते) मर्यादेत आहे का, आलेखातल्या पीकची बेसलाइन कुठून ओढली आहे. मग लेखी ठरवून त्याच व्हायलमधून री-इंजेक्शन, आणि त्याच स्टॉकमधून (मूळ द्रावणातून) नवं डायल्यूशन. री-इंजेक्शनला 97 आला तर संशय इंजेक्शनवर. नव्या डायल्यूशनलाच आला तर डायल्यूशनवर. दोन्हीकडे 94 च राहिला आणि सोनिकेशन वाढवल्यावर चढला, तर औषध पुरतं विरघळलंच नव्हतं.

कारण पुराव्यासह सापडलं तर आधीचा निकाल कारणासकट रद्द होतो. नाही सापडलं तर चौकशी प्रॉडक्शनकडे जाते, आणि रीटेस्ट दुसऱ्या ॲनालिस्टकडून, एसओपीत (कंपनीच्या लेखी कार्यपद्धतीत) आधीच ठरलेल्या संख्येइतकीच. पुराव्याशिवाय 'ॲनालिस्ट एरर' लिहिणं म्हणजे पहिलाच रस्ता, फक्त फॉर्म भरून. 94.1 आणि 96.2 ची सरासरी काढून 95.2 दाखवणंही तसंच.

उलट, जिथे ओओएस नाही तिथे घाबरून उघडूही नये. डिसोल्यूशनला (गोळीतलं औषध ठरल्या वेळात किती विरघळतं त्या चाचणीला) एस1 मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, सहापैकी एखादी गोळी क्यू+5 च्या (ठरलेला टक्का क्यू, त्यावर 5) खाली गेली तर एस2 ला, दुसऱ्या टप्प्याला, जायचं. फार्माकोपियाच (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) तसं सांगतो. एक दशांश स्थळाच्या मर्यादेला 94.95 म्हणजे 95.0, पास. 94.94 म्हणजे 94.9, फेल.

किंमत कोण भरतं

ओओएसची किंमत आत्ता आणि उघड असते: ट्रक परत, मीटिंगमध्ये बोलणी, चौकशी पुरी व्हायला 30 कामकाजाच्या दिवसांपर्यंत. प्रसंगी अप्रेझलही. ती कमी लेखू नका, घरी ईएमआय असतो. परत टाकण्याची किंमत मागाहून येते आणि ज्याचं लॉगिन त्याच्या नावावर पडते. औषधं व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 34 मध्ये कंपनीबरोबर जबाबदार अधिकारीही येतात. कंपनीही सुटत नाही: रॅनबॅक्सी या औषध कंपनीने मे 2013 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि 50 कोटी डॉलर भरले. त्या प्रकरणातला एक प्लँट इथून तासाभरावरच्या देवासचा.

गुपचूप राजीनामा हा तिसरा पर्याय सुचतो, पण ऑडिट ट्रेलमधलं नाव राजीनाम्याने पुसत नाही. आधी ओओएस, मग हवं तर राजीनामा. बाहेर तक्रार करायचीच असेल तर एक लक्षात घ्या: 2014 चा व्हिसल ब्लोअर कायदा सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. खासगी नोकरीत, कंपनी लिस्टेड असेल तर, कंपनी कायद्याच्या कलम 177 खालची व्हिजिल यंत्रणा (कंपनीच्या आतच तक्रार करायची सोय) आधी बघा.

तोंडी दबाव आला तर त्याच शिफ्टमध्ये सुपरवायझर आणि क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) कंपनीच्या मेलवरून चार ओळी: बॅच नंबर, आकडा, वेळ, फ्लास्क कुठे ठेवलेत, पुढची सूचना लेखी द्या. आरोप नको, विशेषणं नकोत. आणि क्रोमॅटोग्रामचे (एचपीएलसीच्या आलेखांचे) फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका. गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवून उलट तुमच्यावरच कारवाई करणं मग सोपं होतं.