व्हिसा खरा होता, बाकी सगळं खोटं

परवा मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्रक आलं. सिंगापूर, चार रात्री पाच दिवस, लहान मुलांना निम्मे पैसे. तिसऱ्या दिवशी 'जुरोंग बर्ड पार्क'. वाचलं आणि हातपाय गार पडले. म्हणून हे लिहायला बसले.

२०२४ च्या मे महिन्यात आम्हीही असेच निघणार होतो. डोंबिवलीतले आम्ही तिघं: नवरा, मी आणि सहा वर्षांची चिऊ. घरातलं पहिलंच परदेश. मेमध्ये दुबई भाजून काढेल म्हणून ती बाद. थायलंडचं नाव काढताच सासूबाईंनी लेकाकडे असं काही पाहिलं की तो विषय तिथेच मिटला. सिंगापूरचं सगळं जमत होतं. मुंबईहून थेट विमान, साडेपाच तासांचा प्रवास, घड्याळ फक्त अडीच तास पुढे, म्हणजे पोरीच्या झोपेचं खोबरं नाही. शिवाय लिटल इंडियात डोसा मिळतो, हे ऐकून सासूबाईही गप्प बसल्या.

एजंट सापडला तो शाळेच्या बसथांब्यावर. चिऊच्या वर्गातल्या एका मुलीची आई त्याच्याबरोबर केरळला जाऊन आली होती. गाडी वेळेवर, हॉटेल स्वच्छ, कसलीही कुरकुर नाही. स्टेशनजवळ त्याचं छोटंसं ऑफिस होतं, भिंतीवर गणपती आणि पृथ्वीचा गोल. बाकीच्यांनी दोन लाखांच्या वर सांगितलं होतं, हा १,६२,००० म्हणाला. "वहिनी, तुम्ही फक्त बॅगा भरा." जानेवारीत २५,००० दिले, फेब्रुवारीत ६०,०००, मार्चअखेर उरलेले ७७,००० आणि एकूण रकमेवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेश सहलीवर एजंटने घेऊन सरकारकडे भरायचा कर, म्हणून ८,१००. सगळं त्याच्या बचत खात्यात. कंपनीच्या खात्यावर जीएसटी लागेल, म्हणाला. आम्हाला तेव्हा तो आपले पैसे वाचवतोय असंच वाटलं. कार्डाने भरले असते तर निदान बँकेकडे वाद तरी घालता आला असता.

त्याने आधी व्हिसा काढून दिला, आणि तो खरा होता. सिंगापूरच्या सरकारी संकेतस्थळावर नवऱ्याने तपासला. तिघांचे फोटो, नावं, तारखा, सगळं बिनचूक. व्हिसाचं सरकारी शुल्क तेव्हा माणशी ३० सिंगापूर डॉलर होतं, म्हणजे दोन हजाराच्या आत. तेवढ्या खर्चात त्याने आमच्या मनातली उरलीसुरली शंका विकत घेतली. त्या दिवसानंतर आम्ही त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

तिकिटांचा पीएनआरही आला. विमान कंपनीच्या साइटवर घातला तर आमची नावं दिसली. इथेच आम्ही गाफील राहिलो. एजंटला पैसे न भरताही जागा धरून ठेवता येतात. पीएनआर लगेच तयार होतो आणि नावंही दिसतात, पण दिलेल्या मुदतीत तिकीट काढलं नाही तर सगळं आपोआप रद्द. तिकीट खरंच निघालं की बहुतेक मोठ्या कंपन्या तेरा आकडी तिकीट क्रमांक देतात, त्यातले पहिले तीन आकडे त्या कंपनीचे. आमच्या कागदावर तो क्रमांकच नव्हता. तो असतो हे आम्हाला माहीत असायला हवं होतं ना!

कळलं ते ६ मेला, निघायला अकरा दिवस असताना. चिऊसाठी विमानात लहान मुलांचं जेवण सांगावं आणि खिडकीची जागा घ्यावी म्हणून मी विमान कंपनीची साइट उघडून पीएनआर घातला. 'अशी नोंद सापडत नाही.' पुन्हा घातला, नवऱ्याने घातला, तेच. एजंट म्हणाला, "ग्रुप फेअर आहे वहिनी, दोन दिवस आधी दिसतं." मग मी थेट हॉटेलला ईमेल केला. संध्याकाळी उत्तर आलं: बुकिंग झालं होतं आणि त्याच दिवशी दुपारी रद्दही झालं होतं. म्हणजे व्हाउचर आम्हाला पाठवून त्याने लगेच ते मोडलं. रद्द करायला काही पडत नाही, अशी खोली त्याने निवडली होती. ८ मेला फोन बंद, ऑफिसला कुलूप. गणपती काचेतून दिसत होता.

कुलपाबाहेर आणखी सहा-सात कुटुंबं भेटली. बोलताबोलता लक्षात आलं की त्याच्याबरोबर आधी गेलेले लोक खोटं बोलत नव्हते, ते खरंच फिरून आले होते. जानेवारीत आम्ही भरलेल्या पैशांवर बहुधा दुसरंच कोणी जाऊन आलं असणार. याची टोपी त्याला घालत घालत तो मेपर्यंत आला आणि उन्हाळ्याच्या गर्दीत टोप्या कमी पडल्या. त्यामुळे 'अमक्याची ट्रिप छान झाली' ही ओळख मी आता पुरावा म्हणून धरत नाही.

त्या रात्री झोप नव्हती, म्हणून त्याचं पत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. जुरोंग बर्ड पार्क ३ जानेवारी २०२३ ला बंद झालं. पक्षी सिंगापूरमधल्याच मंडाई भागात नव्या जागी गेले, तिथे आता 'बर्ड पॅरडाइज' आहे. दुसऱ्या दिवशीच्या यादीत सेंटोसा बेटावरचा मोठा मर्लायनचा पुतळा होता, वर चढून फोटो. सदतीस मीटर उंचीचा तो सिंह-मासा २०१९ मध्येच बंद करून नंतर पाडून टाकला होता. चार महिने ते पत्रक फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं! मी पोरीसाठी रेनकोट शोधण्यात तास घालवले, पण त्या पाच ओळी कधी गुगल केल्या नाहीत.

पुढचं थोडक्यात. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. पैसे गेल्यागेल्या कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते, आमचे जाऊन महिना उलटला होता. पोलिसांनी आधी नुसता अर्ज घेतला, सगळी कुटुंबं मिळून गेलो तेव्हा चारशेवीसचा गुन्हा नोंदवला. जूनमध्ये नवऱ्याने रिटर्नसाठी फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा सरकारी तक्ता, उघडला. टीसीएस खरंच सरकारकडे भरला असता तर आमच्या पॅनवर ते ८,१०० दिसले असते. ती नोंद नव्हतीच. आजपर्यंत एकूण वीस हजार परत आलेत, तेही त्याच्या भावाने आणून दिले.

चिऊला आम्ही सांगितलं की विमान रद्द झालं. तिने तिचा व्हिसाचा कागद मागून घेतला, फोटो आहे म्हणून. तो तिच्या चित्रांच्या वहीत चिकटवलेला आहे.

बसथांब्यावरची ती मैत्रीण हल्ली पाच मिनिटं उशिरा येते, मी निघून गेल्यावर. तिचेही चाळीस हजार गेलेत, बालीच्या नावाने. परवाच्या पत्रकाखाली मी जुरोंगबद्दल एक ओळ टाकली, तर ग्रुपवर सगळ्यात आधी तिचाच अंगठा आला.