एटिमऑनलाइन: कोर्टातल्या इंग्रजी शब्दांची उलटतपासणी

डग्लस हार्पर यांची ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ ऊर्फ एटिमऑनलाइन ही इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणारी साइट. वापरायला फुकट, जाहिराती मात्र आहेत. तिचा कस पाहायचा तर रेजिनाल्ड रोज यांचं ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ समोर ठेवा. १९५४मध्ये टीव्हीसाठी लिहिलेलं हे नाटक नंतर रंगमंचावर आलं. गंमत म्हणजे कोर्टनाट्य म्हणून गाजलेलं हे नाटक जवळपास सगळं ज्यूरीच्या, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा नागरिकांच्या खोलीत घडतं.

आधी नाटकाचं नावच शोधा. ‘ट्वेल्व्ह’चा मूळ अर्थ ‘दहा मोजून दोन उरले’. ‘अँग्री’ची नोंद त्रोटक आहे, तिथे न थांबता ‘अँगर’वर जायचं. हा शब्द व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतला, आणि तिथे त्याचा अर्थ राग नव्हे, दुःख! ‘मेन’ अस्सल जुनं इंग्रजी. म्हणजे नावात फ्रेंच औषधालाही नाही. ‘ज्यूरी’, ‘जज’, ‘कोर्ट’, ‘व्हर्डिक्ट’ मात्र सगळे फ्रेंचमधून आलेले. १०६६मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या कोर्टांत फ्रेंच इतकी मुरली की युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत म्हणून १३६२मध्ये कायदा करावा लागला.

सगळ्यात वसूल नोंद ‘डाउट’ची, कारण अख्खं नाटक या एका शब्दावर उभं आहे. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा एक अर्थ भीती असाही होता. स्पेलिंगमधला ‘बी’ लॅटिन ‘डुबिटारे’शी नातं दिसावं म्हणून लेखनिकांनी घुसवला, उच्चारात तो शिरलाच नाही. उलट बाजूचा ‘गिल्ट’ घरचा, जुन्या इंग्रजीतला, पण त्यापलीकडचं मूळ अज्ञात. साइट तसं सरळ सांगते, ओढूनताणून व्युत्पत्ती जुळवत नाही. हे मला फार आवडतं.

आता खोड्या. शब्दाशेजारचं साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, हाती लागलेल्या सर्वांत जुन्या लिखित नोंदीचा काळ. ‘सी’ (c) हे अक्षर आकड्याआधी असेल तर ‘सुमारे’, आकड्यानंतर असेल तर शतक. इथे हमखास गफलत होते. ताऱ्याची खूण (*) लावलेली रूपं भाषाशास्त्रज्ञांनी तर्काने बांधलेली आहेत, कुठल्या हस्तलिखितात सापडलेली नाहीत.

खरी उणीव वापराच्या पुराव्यांची. नाटकावरच्या १९५७च्या सिनेमात दहावा ज्यूरर आरोपीला धड इंग्रजी येत नाही म्हणतो आणि स्वतःच ‘डझन्ट’ऐवजी ‘डोन्ट’ वापरतो. बाहेरच्या देशातून आलेला अकरावा त्याला तिथल्या तिथे सुधारतो. हे ‘ही डोन्ट’ एकेकाळी सुशिक्षितांच्या बोलण्यातही चालायचं. असा प्रवास तारीखवार उताऱ्यांसह पाहायचा असेल तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला पर्याय नाही. त्याच्या पूर्ण वापराला वर्गणी लागते, तेव्हा कॉलेजच्या किंवा वाचनालयाच्या सभासदत्वावर तो उघडतो का, हे आधी विचारा.