बंदिशींची वही की पेनवाला टॅब? वर्षभर वापरून

गोव्यातल्या म्हार्दोळहून दर शनिवारी फोंड्याला गाणं शिकायला जाते. अकरा वर्षं पिशवीत दोनशेपानी वही असायची. गेल्या जूनपासून तिच्या जागी दहा इंची टॅब आहे, पेनसह २८ हजारांचा. एवढे पैसे घालावेत का, असं वर्गातल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून लिहिते.

टाइप करायचा बेत असेल तर सोडून द्या. भातखंडे लिपीत, म्हणजे स्वर लिहायच्या आमच्या पद्धतीत, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारसप्तकाला (वरच्या) वर टिंब, मध्य सप्तकाला काहीच नाही, एका मात्रेत (ठोक्यात) दोन स्वर आले की खाली अर्धचंद्र. कीबोर्डावर हे शोधेपर्यंत बाई बंदिशीच्या दुसऱ्या भागावर, अंतऱ्यावर पोचलेल्या असतात. टॅब घेतला तरी लिहायचं हातानंच.

पण फरक पडतो. तीनतालाच्या सोळा मात्रांची सोळा घरं मी एकदाच आखली. सम (पहिली मात्रा), टाळ्या, 'खाली' (टाळी न देण्याची जागा) सगळं घालून. दर बंदिशीला तेच पान उघडते. मारवा रागातली एक बंदिश उतरवताना माझी सम दोन घरं पुढे गेली. "अगं, बंदिश सातव्या मात्रेपासून उठते, नवव्या नव्हे," बाई म्हणाल्या. वहीत अख्खी ओळ खोडावी लागली असती. इथे ओळीभोवती पेन फिरवलं, दोन घरं मागे ओढली, सम जागेवर! बाईंनी लगेच पेन मागून घेतलं आणि स्वतः करून पाहिलं.

माझ्यासाठी खरं कारण मात्र पाऊस. आषाढात आमच्याकडे कपाटातला कागदसुद्धा ओलसर लागतो. दोन वह्या कसरीनं खाल्ल्या. तिसरीत शाई फुटली आणि टिंबं वरच्या ओळीत मिसळली. तो षड्ज तार की मध्य, कळत नाही. त्या बंदिशी देणाऱ्या माझ्या पहिल्या बाई आता नाहीत. विचारणार कुणाला?

दोष सांगते. काचेवर अक्षर घसरतं. ३५० रुपयांची खरखरीत फिल्म लावल्यावर हात बसला, पण पेनचं टोक लवकर झिजतं. त्याहून वाईट म्हणजे पेन हलकं टेकवलं तर टिंब कधीकधी उमटतच नाही, आणि मंद्र निषाद मध्य होऊन बसतो. दोन आठवडे मी एक तान चुकीची घोटली ती यामुळेच. आता टिंब टेकवत नाही, बारीक गोल काढते. पान पूर्ण झालं की पीडीएफ करून स्वतःलाच मेल करते.

अजून सुरुवातीच्या अलंकार आणि सरगमगीतांवर असाल तर घेऊ नका, ६० रुपयांची वही पुरते. पन्नास-साठ बंदिशी साठल्या असतील तर जरूर घ्या. माझ्या उरलेल्या आठ वह्यांपैकी चार उतरवून झाल्या. पाचवीला कसर लागायला सुरुवात झाली आहे, ती चवथीच्या सुट्टीआधी संपवायची आहे.