लॅटानोप्रोस्टचे थेंब: औषध उत्तम, पण खानदेशच्या उन्हाळ्यात जपून

काचबिंदूवर डॉक्टर बहुतेक वेळा सुरुवातीलाच जे थेंब लिहून देतात, त्यांत लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के असतंच. अडीच मिलीची इवलीशी बाटली, रोज संध्याकाळी एकदा, एक थेंब. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जायची वाट मोकळी होते आणि डोळ्याचा दाब साधारण २५ ते ३० टक्के उतरतो. म्हणजे २८ असलेला दाब २०-२१ वर येऊ शकतो. दिवसातून एकदाच टाकायचं असल्याने विसरायची भीतीही कमी. गुणाला पैकीच्या पैकी.

खोट आहे ती साठवणीत. बहुतेक कंपन्यांची सीलबंद बाटली २ ते ८ अंशांत राहायला हवी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. चोपडा-यावलचा माणूस जळगावहून औषध घेतो आणि बाटली खिशात किंवा गाडीच्या डिकीत घालून गावी नेतो. तिथे औषधाची ताकद कमी होऊ शकते, पण रंग-वास बदलत नाही, त्यामुळे कळत काहीच नाही. मेडिकलवाल्याने बाटली फ्रीजमधून काढली की ड्रॉवरमधून, हे आधी पाहा. थर्मास किंवा बर्फाची पिशवी बरोबर ठेवा, पण बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलेलं औषध वाया गेलं समजा. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतं, पण आपल्याकडच्या पत्र्याच्या घरात तेवढं कुठे? तेव्हा उघडलेलीही फ्रीजच्या दारातच. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा, चार ते सहा आठवड्यांनी (पाकिटावर असेल ती मुदत) उरलेलं टाकून द्या.

टाकण्याची पद्धतही चुकते. खालची पापणी ओढून खिशासारखी करा, टोक पापणीला लागू न देता एकच थेंब सोडा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दुसरा थेंब गालावरच ओघळतो. 'जास्त टाकू, लवकर गुण येईल' म्हणून दिवसातून दोनदा टाकलं तर गुण उलट कमीच येतो. दुसरं औषधही असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

या थेंबांचे दुष्परिणामही आहेत: डोळे लाल होऊ शकतात, पापण्यांचे केस लांब होतात, बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो आणि तो पुन्हा उजळत नाही. गेलेली नजर औषधाने परत येत नाही, उरलेली टिकते. म्हणून 'काही फरकच नाही' असं म्हणत बंद करणारे फसतात.

घरी फ्रीज नसेल किंवा लाईट सारखी जात असेल, तर ट्रॅव्होप्रोस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याच घराण्यातलं औषध, पण त्याची सीलबंद बाटलीही २५ अंशांपर्यंत बाहेर टिकते; भर उन्हाळ्यात मात्र तीही थंड जागीच हवी. टिमोलॉल हे काचबिंदूवरचे दुसरे थेंब स्वस्त, मात्र दमा किंवा नाडी मंद असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय डोळ्यात घालू नये.