मेटोप्रोलॉलचे आठ महिने : माझा अनुभव

बीपी १५८/९६, बसल्या जागी नाडी ९८ आणि सतत धडधड. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल सक्सिनेटची हळूहळू विरघळणारी गोळी दिली. आधी २५ मिलिग्रॅम, महिन्याभराने ५०. आता बीपी १३०/८०च्या आसपास असतं, नाडी ६२ ते ६६. गोळी मला लागू पडली, यात शंका नाही.

पहिले तीन आठवडे मात्र जड गेले. जिना चढताना पाय भरून यायचे, दुपारी पेंग, बोटं गार. अंथरुणातून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आता आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसते. थकवा ओसरला, बोटं अजून गार पडतात.

पाचव्या महिन्यात मी मोठी चूक केली. आकडे छान येतायत, मग कशाला हवी, म्हणून कुणाला न विचारता गोळी सोडली. तिसऱ्या संध्याकाळी भांडी आवरताना छाती धाडधाड उडायला लागली. ओटा धरून उभी राहिले, मनगटावर बोटं ठेवून घड्याळात पाहून मोजलं : ११८. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. ही गोळी हृदयावरचा ॲड्रेनालिनचा (ठोके वाढवणाऱ्या संप्रेरकाचा) परिणाम अडवते. बरेच दिवस अडवला की हृदय त्याला जास्त संवेदनशील होतं, आणि गोळी अचानक सुटली की सगळा जोर एकदम येतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर झटकासुद्धा येऊ शकतो. थांबवायचीच झाली तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात. कृपा करून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता रोज सकाळी नाडी मोजून वहीत लिहिते, नाश्ता झाला की लगेच गोळी. मधल्या रेघेवर मोडून अर्धी करता येते, पण चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. नाडी ५०च्या खाली गेली तर फोन करायला सांगितलंय. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेत नाही.

दमा असेल तर गोळी सुरू होण्याआधीच सांगा. मधुमेह असेल तर जास्तच जपा : साखर उतरल्यावर होणारी धडधड हिच्यामुळे जाणवत नाही, घाम मात्र फुटतो, त्यावर लक्ष ठेवा. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (हीसुद्धा बीपीची, हृदयाची औषधं) चालू असेल तर तेही सांगायलाच हवं, नाडी फार मंदावू शकते. सर्दीच्या, अंगदुखीच्या गोळ्याही मी आता विचारून घेते, कारण त्यातल्या काहींनी बीपी वाढतं.

पट्टीत १० गोळ्या उरल्या की नवी आणते. प्रवासात एक पट्टी पर्समध्ये, दुसरी बॅगेत.