शिकागो नदीत पहाटेची कयाक: जा, पण जास्तीची पँट न्या

जुलैत इथे पाचलाच फटफटतं. त्यामुळे सकाळची पहिली फेरी गाठलीत तर ऊन कोवळं आणि नदी जवळजवळ आपलीच. नंतर पर्यटकांच्या मोठ्या बोटी सुरू होतात आणि त्यांच्या लाटांनी कयाक अशी डुलते की कृष्णेत पोहून वाढलेले आमचे बाबाही वल्हं मांडीवर घेऊन गप्प बसले.

दोघांची कयाक घ्या. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने दिशा. गाइड मुलगी खमकी. उजवा काठ सोडला की लगेच शिट्टी.

सगळ्यात आवडलं ते गूस आयलंडजवळचं वाइल्ड माइल. लोखंडी पत्र्याच्या उभ्या काठाला लागून तरंगते वाफे, त्यात गवत, रानफुलं आणि मान आखडून बसलेला राखी बगळा. "अगं, हा तर आपल्या घाटावरचा!" इति बाबा. पुढे मरिना सिटीचे मक्याच्या कणसांसारखे मनोरे, खालच्या मजल्यांवर अगदी कडेला उभ्या मोटारी. लेक स्ट्रीटच्या पुलावरून लोकल धडधडत डोक्यावरून जाते.

शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या मिशिगन तलावात जाऊ नये म्हणून १९०० साली कालवा खोदून ही नदी उलटी वाहवली. बाबांना हे अजून पटलेलं नाही.

लाइफ जॅकेटं ओलसर, कुबट. कपडे बदलायला नुसता पडदा. दाम जरा चढेच, तरी पाहुण्यांना नेण्याजोगं. शनिवार-रविवार टाळा.