टीईटीसाठी बालभारतीचा संच: कुठवर नेतो आणि कुठे साथ सोडतो

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अर्ज भरला की बहुतेकांची पहिली फेरी पुस्तकांच्या दुकानात होते आणि माणूस उशीएवढा जाड ‘संपूर्ण मार्गदर्शक’ काखेत मारून बाहेर पडतो. त्या ठोकळ्यातलं गणित, परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास-भूगोल हे सगळं जिथून उतरवलेलं असतं, ती बालभारतीची पाठ्यपुस्तकं मात्र घरातल्याच पोराच्या दप्तरात असतात. हे परीक्षण त्या पाठ्यपुस्तकांचं आहे, तेही मुलांसाठी नव्हे, टीईटीच्या उमेदवारासाठी.

आधी मोजमाप. पेपर एक पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीच्या. दोन्हींत १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास प्रत्येकी ३० गुणांचे. पेपर दोनमध्ये पहिले तीन घटक तेच, उरलेले ६० गुण गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्रांना. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के म्हणजे व्यवहारात ८३. दोन्ही पेपरांत ६० गुण असे आहेत की ज्यांचा पाया बालभारतीच आहे. भाषांचे ६० अर्धेमुर्धे. बालमानसशास्त्राच्या ३० गुणांना हा संच हातही लावत नाही.

पेपर एकसाठी तिसरी ते पाचवीचं गणित आणि परिसर अभ्यास पुरेल असं अनेकांना वाटतं. घोळ नेमका इथे होतो. आशय पहिली ते पाचवीचा असला तरी प्रश्नांची काठिण्यपातळी दहावीपर्यंत जाऊ शकते, पेपर दोनची बारावीपर्यंत. पाचवीच्या पुस्तकातले विभाज्य-विभाजक पक्के असूनही ‘तीन घंटा एकदम वाजल्या, पुन्हा एकदम केव्हा वाजतील’ असं विचारलं की गाडी अडते. म्हणून पेपर एक देणाऱ्यानेही सहावी आणि सातवीचं गणित सोडवावं. सहावीतलं गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज आणि सातवीतलं समप्रमाण-व्यस्तप्रमाण, परिमिती-क्षेत्रफळ एवढं नीट झालं तर गणिताची भीती बरीच सरते.

पेपर दोनवाल्यांसाठी आठवीचं गणित हे संचातलं सर्वात कामाचं पुस्तक. चलन, सूट व कमिशन, चक्रवाढ व्याज, शिरोलंब व मध्यगा, पृष्ठफळ व घनफळ ही प्रकरणं सोडवलेल्या उदाहरणांसकट करायची. मार्गदर्शकांत या प्रकरणांचं नुसतं सूत्र आणि खाली वीस प्रश्न असतात. सूत्र कुठून आलं ते कळलेलं नसलं की जरा फिरवलेला प्रश्न चुकतो. उदाहरणार्थ, १०,००० रुपयांवर द.सा.द.शे. १० दराने दोन वर्षांचं सरळव्याज २,००० आणि चक्रवाढ व्याज २,१००. हा १०० रुपयांचा फरक म्हणजे पहिल्या वर्षाच्या १,००० रुपये व्याजावरचं दुसऱ्या वर्षाचं व्याज. एवढं समजलेल्याला ‘दोन वर्षांतला फरक १४४ रुपये, दर १२ टक्के, तर मुद्दल किती’ हे सूत्राशिवाय सुटतं: १४४ हे पहिल्या वर्षाच्या व्याजाचे १२ टक्के, म्हणून ते व्याज १,२००, म्हणून मुद्दल १०,०००. तसंच २० टक्के सुटीवर आणखी १० टक्के म्हणजे ३० नव्हे, २८ टक्के. पर्यायांत ३० ठेवलेलाच असतो आणि घाईत तोच रंगवला जातो.

परिसर अभ्यासाची पुस्तकं मात्र लक्षपूर्वक निवडावी लागतात. चौथीला दोन भाग आहेत आणि दुसरा भाग म्हणजे शिवछत्रपतींचं चरित्र. पाचवीलाही दोन भाग, पण तिथला दुसरा भाग उत्क्रांती, अश्मयुग, शेतीची सुरुवात असा चालतो. तिसरीचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं निघतं. दुसऱ्या जिल्ह्याचं हाती आलं तरी बिघडत नाही. स्वतःच्या जिल्ह्याच्या नद्या-तालुके पाठ करण्यात रात्र घालवू नये, कारण प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असते. चौथीच्या दुसऱ्या भागातल्या घटना नुसत्या वाचून भागत नाही, त्यांचा क्रम लावता आला पाहिजे. अफझलखान प्रसंग १६५९, पुरंदरचा तह १६६५, राज्याभिषेक १६७४ ही तीन वर्षं खुंटीसारखी ठोकली की बाकीच्या घटना त्यांच्या आगेमागे अडकवता येतात. अष्टप्रधान मंडळासाठी सातवीचा इतिहास जोडीला घ्यावा. अमात्य आणि सुमंत यांची कामं उलटसुलट करणारे कमी नाहीत. अमात्याकडे जमाखर्च, सुमंताकडे परराज्यांशी संबंध.

सामाजिक शास्त्रवाल्यांना सहा पुस्तकं लागतात: सहावी, सातवी, आठवीचे इतिहास-नागरिकशास्त्र (दोन्ही एकाच पुस्तकात) आणि तीन भूगोल. नागरिकशास्त्र मागच्या पानांत असल्यामुळे वाचायचं राहून जातं, आणि हा सर्वात स्वस्तात मिळणारा गुण आहे. सहावीत स्थानिक शासनसंस्था, सातवीत संविधान, आठवीत संसदीय शासनपद्धती. तिन्ही मिळून दोन दिवसांचं वाचन. भूगोलात आठवीचा पहिला पाठ, स्थानिक वेळ व प्रमाण वेळ, कागद-पेन्सिल घेऊन करावा. एका रेखांशाला चार मिनिटं. भारताची प्रमाण वेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावर. तिथे दुपारचे बारा, तर ७२°३०′ पूर्वेला काय वाजले? फरक १० अंश, म्हणजे ४० मिनिटं. ठिकाण पश्चिमेला, म्हणून वजा. उत्तर ११ वाजून २० मिनिटं. चूक होते ती शेवटच्या पायरीत. पर्यायांत १२ वाजून ४० हमखास बसवलेलं असतं. वहीच्या कोपऱ्यात ‘पूर्वेला पुढे’ एवढं लिहून ठेवावं.

विज्ञानाची सहावी ते आठवीची पुस्तकं ठीक आहेत, ‘ठीक’ याहून जास्त नाही. प्रकरणं छोटी, चित्रं भरपूर, पण संख्यात्मक उदाहरणं तुटपुंजी. बल व दाब, धाराविद्युत, अणूचे अंतरंग या आठवीच्या पाठांवर थांबलात तर वरच्या पातळीचे प्रश्न हुकतात. नववीच्या विज्ञान पुस्तकातले गतीचे नियम आणि धाराविद्युतचे पाठ जोडून घ्या.

आता उणी बाजू. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत व्याकरण एकत्र नाही, पाठांच्या शेवटी चौकटींतून विखुरलेलं आहे. शाळेतल्या मुलासाठी ती पद्धत चांगली, तीन महिन्यांत उजळणी करणाऱ्याला मात्र वैताग. शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठरा आहेत (१९६२ चे चौदा, १९७२ चे चार) आणि ‘शुद्ध शब्द ओळखा’चे प्रश्न त्यांतल्या मोजक्या नियमांभोवती फिरतात. सुटा शब्द ‘कवी’, ‘गुरू’ दीर्घ. समासाच्या सुरुवातीला ‘कविराज’, ‘गुरुकृपा’ ऱ्हस्व. ‘आणि’ मात्र ऱ्हस्वच. हे नियम एका पानावर उतरवून रोज पाच शब्द पडताळावेत. प्रयोगात ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘शिक्षकांनी मुलांना शिकवलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं (चिंच खाल्ली), म्हणून कर्मणी. दुसऱ्यात ‘मुलींना’ केलं तरी क्रियापद हलत नाही, म्हणून भावे. ‘कर्त्याला ने-नी लागलं की कर्मणी’ हा शिकवणी वर्गांतला शॉर्टकट इथेच तोंडावर पाडतो. इंग्रजीच्या पुस्तकांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. उताऱ्यांचा सराव होतो, व्याकरणासाठी वेगळं काहीतरी लागतंच.

बालमानसशास्त्रासाठी डी.एल.एड. किंवा बी.एड.च्या स्वतःच्या नोट्स काढा. मार्गदर्शक घ्यायचाच असेल तर याच भागासाठी घ्या, पण विकत घेण्याआधी दुकानात उभ्यानेच दोन गोष्टी तपासा. टीईटी प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं असं छापलं असेल तर पुस्तक जुनं. २०२१ पासून ते आजीवन वैध आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवताच येत नाही असं असेल तरीही जुनं; २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली आहे. मुखपृष्ठावरचं ‘नवीन आवृत्ती’ हे बऱ्याचदा मुखपृष्ठापुरतंच असतं.

या घटकात नावं पाठ असून गुण जातात. सहा वर्षांच्या मुलासमोर सारख्या दोन पेल्यांत सारखं पाणी आहे. एका पेल्यातलं उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं तर मूल म्हणतं, ‘यात जास्त आहे.’ मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या बौद्धिक विकासाच्या अवस्थेचं नाव विचारलं तर पूर्वक्रियात्मक. पण प्रश्न कित्येकदा असा असतो की या मुलात कोणती संकल्पना अजून विकसित झालेली नाही. तिथे उत्तर अक्षय्यतेची (भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं ही समज), आणि अवस्थेचं नाव पाहून हात भलत्याच पर्यायाकडे जातो. मराठी संज्ञाही पुस्तकागणिक बदलतात. व्हायगॉट्स्कीचं तेच क्षेत्र एकीकडे ‘समीपस्थ विकास क्षेत्र’, दुसरीकडे ‘निकटतम’. पानाच्या समासात मूळ नाव, झोन ऑफ प्रॉक्सिमल डेव्हलपमेंट, लिहून ठेवलं की गोंधळ टळतो.

विकत घ्यायची की ई-बालभारतीवरून पीडीएफ उतरवायची? इतिहास, नागरिकशास्त्र, मराठी मोबाइलवर चालतं. गणित आणि भूगोल छापीलच हवं: एकात आकृतीशेजारी खरडायचं असतं, दुसऱ्यात नकाशा बोटाने मोठा केला की सूची पडद्याबाहेर जाते. जुनी घ्यायची तर पुण्यात अप्पा बळवंत चौक आहेच, पण २०२३-२४ आणि २०२४-२५ ची पुस्तकं टाळा. त्या दोन वर्षांत पुस्तकं चार भागांत विभागली होती आणि मध्ये वहीची पानं घातली होती. एका भागात सगळ्या विषयांचे थोडेथोडे पाठ. गणिताची सलग सोळा-सतरा प्रकरणं हवी असणाऱ्याला चार पुस्तकं उलटत बसावं लागतं. २०२५-२६ पासून हा प्रकार बंद झाला. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत आहेत, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीच्या अधिसूचनेतला अभ्यासक्रम पाहून मगच संच जुळवा. केवळ सीटीईटी (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा) देणाऱ्यांनी हा संच घेऊ नये. तिथे एनसीईआरटीची पुस्तकं लागतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या, टीईटी बंधनकारक करणाऱ्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेले सेवेतले शिक्षकही टीईटीच्या तयारीला लागले. त्यांच्यासाठी हा संच सर्वात सोयीचा, आणि फसवाही. दुसरीच्या वर्गावर पंधरा वर्षं काढलेल्या बाईंना पाचवीचे अपूर्णांक ‘येतात’ असं वाटतं. वेळ लावून दहा उदाहरणं सोडवली की खरं कळतं. वाचू नका, स्वाध्याय सोडवा. त्यांनी गुणांची मांडणीही घासाघीस करून करावी. विषयवार किमान गुणांची अट नसल्याने बालमानसशास्त्र १८, मराठी २२, इंग्रजी १७, गणित १५, परिसर १८ अशी बेरीज केली तरी ९० होतात. गणितात तीस पैकी तीसचा हट्ट धरून परिसर अभ्यास अर्धवट सोडणं महागात पडतं.

सरावाला टीईटी घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या आणि उत्तरं अंतरिम नव्हे, अंतिम उत्तरसूचीशी ताडा. आक्षेपांनंतर काही उत्तरं बदलतात आणि बाजारातले संच कधीकधी पहिलीच सूची छापून मोकळे होतात. प्रत्येक पेपर सोडवताना उत्तरपत्रिकेची झेरॉक्स शेजारी ठेवून गोलही रंगवा. १५० गोल शेवटच्या दहा मिनिटांत रंगवायला गेलं की एक प्रश्न सुटतो आणि पुढची अख्खी रांग एका घराने सरकते. तीस प्रश्न झाले की तीस गोल, मग पुढचा घटक.